ओझं वाहणाऱ्या गाड्यांचं काय?

हिवाळा आला की कुठल्या ना कुठल्या मोठ्या शहरात जुन्या मोटारींची रॅली निघते. दिल्लीत 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राची रॅली तर १९६४ पासून चालू आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात. चकचकीत रोल्स-रॉइस, लांबलचक बुइक, कुण्या संस्थानिकाची पॅकार्ड. शेजारी फेटा बांधलेला मालक. आपणही ते फोटो मोबाइलवर बघतो, एकमेकांना पाठवतो, 'काय गाडी आहे यार' म्हणतो.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी तो फोटो आला की एक गोष्ट बघा. त्या रांगेत ट्रक किती आहेत? पिकअप किती आहेत? एखादा असला तर असला, आणि तोही बहुतेक कोपऱ्यात. ज्या गाडीत माणूस ऐटीत बसला ती गाडी जपली गेली. ज्या गाडीनं लाकूड, दगड, धान्य, तेंदूपत्ता आणि पाठीमागे उभी राहिलेली वीस माणसं वाहिली, ती भंगारात गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की हा विसर आपोआप पडलेला नाही. काय आठवायचं आणि काय फेकायचं हे आपण ठरवतो, आणि आता तर कायद्यानंही ठरवलेलं आहे. बालाघाटसारख्या जिल्ह्यानं तरी हे मुकाट्यानं मान्य करू नये.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा?

अमेरिकन पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजी सिनेमातलं शेत आणि हॅट घातलेला शेतकरी येतो. पण या गाड्यांचं आणि आपलं नातं शंभर वर्षांच्या आसपासचं आहे. फोर्ड कंपनीनं १९२६ मध्ये भारतात शाखा उघडली. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना घातला आणि तिथे शेवरोलेच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. सुटे भाग पेट्यांतून बोटीनं यायचे, इथले कामगार ते जोडायचे. फोर्डच्या गाड्या तर अमेरिकेच्या नावाच्या असल्या तरी कॅनडामार्गे यायच्या, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या देशाकडून आलेल्या मालाला जकातीत सवलत होती.

मग दुसरं महायुद्ध आलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी अमेरिकेनं जीप, डॉज, जीएमसी आणि शेवरोलेचे हजारो ट्रक या भागात उतरवले. युद्ध संपलं तेव्हा एवढ्या गाड्या परत कोण नेणार? बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या. ठेकेदार, लाकडाचे व्यापारी, बसमालक यांनी त्या घेतल्या आणि लष्करी हिरव्या रंगावर दुसरा रंग मारून त्यांना कामाला जुंपलं.

यात मराठी माणसांना जवळचा असा एक धागा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. डॉज, डिसोटो आणि फार्गो ही नावं कुर्ल्यातून देशभर गेली. गंमत म्हणजे ट्रक बहुतेक एकच, फक्त पुढची नावाची पट्टी वेगळी. वेगवेगळ्या विक्रेत्यांना वेगवेगळं नाव विकायला मिळावं म्हणून ही युक्ती. आज अमेरिकेतल्या तरुणाला 'फार्गो' म्हटलं तर एक शहर आठवेल. आपल्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्या ड्रायव्हरला मात्र ट्रक आठवतो.

दुसरीकडे महिंद्र. १९४५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९४७ पासून विलीज जीप आणून इथे जोडू लागली. १९५३ मध्ये सरकारच्या टॅरिफ कमिशननं स्पष्ट सांगितलं की नुसते सुटे भाग जोडणाऱ्यांनी इथे हळूहळू उत्पादन करावं, नाहीतर निघावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघाले. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली आणि रस्त्यावर अमेरिकन नावं हळूहळू मागे पडली.

एक वेंधळं तोंड असलेली गाडी

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती एक विचित्र दिसणारी छोटी पिकअप, विलीज एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ड्रायव्हर इंजिनच्या मागे बसत नाही, इंजिनच्या वरच बसतो. त्यामुळे पुढे नाक नाही. समोरून बघितलं तर डोळे मोठे करून आश्चर्यानं पाहणाऱ्या माणसासारखी दिसते. ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरनं ती रेखाटली आणि १९५७ चं मॉडेल म्हणून ती बाजारात आली. खालची चॅसी जीपचीच, चाकांमधलं अंतर अवघं ८१ इंच. पण नाक काढून टाकल्यामुळे मागचा हौदा सहा फुटांहून लांब मिळाला. लहान गाडी, मोठा हौदा. घाटात, चिखलात, शेताच्या बांधावर वळायला एकदम सोयीची.

अमेरिकेत ती फार चालली नाही. १९६५ च्या आसपास तिथलं उत्पादन थांबलं. या मालिकेच्या सगळ्या गाड्या मिळून जेमतेम तीस हजारांच्या घरात निघाल्या, म्हणून आज तिथले हौशी लोक तिला दुर्मिळ मानतात आणि जपतात. आणि आपल्याकडे? अमेरिकेनं तिला निरोप दिला त्याच सुमारास महिंद्रनं ती इथे बनवायला घेतली. पुढे कितीतरी वर्षं ती आपल्याकडे पिकअप म्हणून चालली, तिच्या चॅसीवर डबा बांधून व्हॅन झाली, रुग्णवाहिका झाली, प्रवासी गाडी झाली.

म्हणजे बघा, अमेरिकेत जी जेमतेम आठ-नऊ वर्षं जगली, तिचं पुढचं आयुष्य भारतात गेलं. तरी तिचं चरित्र इंटरनेटवर वाचायला गेलं तर अमेरिकेतल्या वर्षांवर पानंच्या पानं आहेत आणि भारतातल्या आयुष्यावर दोन-चार ओळी. का? तिकडच्या माणसांनी आपल्या गाडीचे चॅसी नंबर टिपले, फोटो जपले, कॅटलॉग जपले. आपण आरसी बुक गाडीबरोबर भंगारवाल्याला दिलं.

बालाघाट आणि ट्रक

आता कुणी म्हणेल, हे सगळं मुंबई-जमशेदपूरचं झालं, बालाघाटचा काय संबंध? संबंध असा आहे की आपला जिल्हा बनलाच मुळी माल बाहेर नेण्याच्या धंद्यावर. भरवेली, उकवा, तिरोडी इथलं मँगनीज. बैहर, लांजीकडचं साल-सागवान आणि बांबू. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, जो गोंदियासारख्या विडीच्या गावांना जायचा. १९५६ पर्यंत आपण नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होतो, आपले रस्ते आणि व्यापार त्या दिशेनं वाहत होते. छोटी लाइन होती, गोंदियाहून बालाघाट, नैनपूर आणि पुढे जबलपूर. पण रेल्वे रुळावरून चालते. जंगलातल्या डेपोपासून, खाणीच्या तोंडापासून, पत्त्याच्या फडापासून स्टेशनापर्यंतचं शेवटचं अंतर आधी बैलगाडीनं आणि नंतर ट्रकनं कापलं.

मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही. लोखंडातलं गंधक आणि प्राणवायू बाहेर काढायला ते लागतं. मध्य प्रांतातलं मँगनीज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बोटी भरभरून इंग्लंड-अमेरिकेला गेलं. तेव्हा तिकडच्या एखाद्या जुन्या ट्रकच्या चॅसीत आपल्या मातीतला एखादा चिमूटभर अंश असेल, असं म्हटलं तर ते अगदीच कविकल्पना ठरणार नाही. माती गेली, गाडी होऊन परत आली आणि परत माती भरून न्यायला लागली.

यात नुसतं कौतुक करण्यासारखं आहे असं मी म्हणत नाही. खाणीवरचा दगड फोडणं, निवडणं, टोपल्यांनी भरणं ही कामं कित्येक वर्षं बाया आणि पुरुष हातांनी करत होते. जंगल कापलं गेलं ते याच गाड्यांच्या पाठीवरून गेलं. जिल्ह्याची श्रीमंती याच हौद्यांतून बाहेर पडली आणि त्यातलं परत किती आलं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण म्हणूनच या गाड्या आठवायला हव्यात. राजाची मोटार बघून राजाचं वैभव कळतं. ट्रक बघून ते वैभव कुठून आलं आणि कुणाच्या पाठीवरून आलं, ते कळतं.

कायदा काय म्हणतो?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी नियम काढले. हेतू चांगला आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीची ५ हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, अभ्यास, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. इथपर्यंत ठीक.

पण त्यात दोन अटी आहेत. पहिली, गाडी वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापराची असावी. दुसरी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा.

आता या दोन अटी आपल्या ट्रकला लावून बघा. ट्रक तर जन्मालाच धंद्यासाठी आला. त्यानं ५० वर्षं माल वाहिला हाच त्याचा इतिहास, आणि तोच त्याचा दोष ठरतो. दुसरी अट तर त्याहून वाईट. त्या काळी आपल्याकडे ट्रक पूर्ण तयार येतच नसे. कंपनी चॅसी, इंजिन आणि पुढचं बॉनेट एवढंच द्यायची. केबिन आणि हौदा इथले सुतार-लोहार बांधायचे. शिवाय पेट्रोल महाग, म्हणून बऱ्याच अमेरिकन ट्रकांचं मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होणारं पर्किन्स डिझेल इंजिन तर कित्येक डॉज-फार्गोंच्या पोटात होतं. म्हणजे 'मूळ अवस्थेतला' ट्रक शोधायला गेलात तर तो मिळणं मुश्किल. मिळालाच तर समजा की त्यानं फारसं काम केलं नाही.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. वनविभाग, आरोग्यखातं, बांधकामखातं यांच्या आवारात गवतात उभ्या असलेल्या जुन्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हटल्याच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. पण भंगारात पाठवण्याआधी त्यातली एखादी ठेवण्यासारखी आहे का, हे बघायला कुणी जातं का? लिलावात वजन बघतात, किलोचा भाव बघतात. इतिहासाचा रकाना त्या फॉर्मवर नसतो.

'पण याची गरज काय?'

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देऊ नये. आपल्या जिल्ह्यात अजून कितीतरी गावांना नीट रस्ता नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही. अशा ठिकाणी गंजलेला ट्रक सजवायला पैसे कुठून आणायचे? आणि तोही अमेरिकेचा?

पहिलं उत्तर असं की मी सजवायला सांगतच नाही. जीर्णोद्धार आणि जतन यांत फरक आहे. जुन्या देवळाला ऑइलपेंट फासला की देऊळ नवं दिसतं, पण त्याचं वय पुसलं जातं. गाड्यांचंही तेच. अमेरिकेत अनेक पिकअप अशा चकचकीत करतात की त्या कारखान्यातून निघाल्या तेव्हाही इतक्या चमकत नसतील. त्याला लाखो रुपये लागतात. जतनाला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. गंज थांबवणं, पाणी आत जाऊ न देणं, डोक्यावर पत्र्याचं छत, आणि माहितीची एक पाटी. एवढं करायला कुठल्याही खाणीला, वनविभागाला किंवा नगरपालिकेला जड जाऊ नये.

दुसरं, गाडी अमेरिकेची म्हणून ती परकी ठरत नाही. सागवानी केबिन आपल्या सुताराची, डिझेल इंजिन मद्रासचं, मागच्या फाळक्यावरची चित्रं आपल्या पेंटरची, पाट्यांना जादा पान टाकून वजन पेलायला लावणारं डोकं आपल्या मिस्त्रीचं. पन्नास वर्षांनी त्या गाडीत अमेरिकेचं उरलं किती? म्हणून मला वाटतं की आपण ती परत 'अमेरिकन' करू नये. डिझेल इंजिन काढून मूळचं पेट्रोल इंजिन शोधत बसणं म्हणजे तिच्या आयुष्याची इथली चाळीस वर्षं खोडून टाकणं. तिला ती जशी शेवटच्या दिवशी उभी होती तशी ठेवा. ठोकून सरळ केलेला मडगार्ड तसाच राहू द्या.

तिसरं उत्तर पैशापलीकडचं आहे. या गाड्यांबरोबर एक कसब संपत चाललंय. जुन्या शेवरोले इंजिनाच्या बेअरिंगमध्ये पांढरा मऊ धातू वितळवून ओतायचा आणि मग हातानं खरवडत खरवडत तो शाफ्टला बसेल इतका नेमका करायचा. हे काम मशीननं नाही, नजरेनं आणि बोटांनी व्हायचं. गिअर बदलताना डबल क्लच मारायचा, म्हणजे एकदा क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून इंजिनचा वेग जुळवायचा आणि परत क्लच दाबून पुढचा गिअर घालायचा. नाही जमलं तर दात करकरणार. पुढून हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडलच्या झटक्यानं अंगठा मोडतो. पुढे लटकवलेली पाण्याची छागळ, घाट चढून गेल्यावर रेडिएटरचं झाकण ओल्या पोत्यानं उघडणं. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. ती काही म्हाताऱ्या हातांत आहे, आणि ते हात फार दिवस थांबणार नाहीत.

हा वाङ्मय मंडळाचा विषय आहे का?

आहे, आणि नक्की आहे. ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक' हा १९५८ चा बंगाली चित्रपट सुबोध घोष यांच्या कथेवर बेतलेला आहे. खाणी आणि आदिवासी गावांच्या मुलखातला एक टॅक्सीवाला, बिमल, आणि त्याची खटारा झालेली जुनी शेवरोले, 'जगद्दल'. तो तिच्याशी बोलतो, तिच्यावर रागावतो, तिला पाणी पाजतो. शेवटी ती भंगारात जाते. एका मोडक्या अमेरिकन गाडीवर आपल्या देशात इतकी मोठी कलाकृती झाली. पण ती छोटा नागपूरची गोष्ट. सातपुड्याची गोष्ट कुणी लिहिली? आपल्या भागातला ट्रकड्रायव्हर, क्लीनर, खलासी, फडावरचा मुन्शी मराठी कथेत किती दिसतो?

आणि भाषा बघा. गाडीचा मागचा भाग महाराष्ट्रात 'हौदा', आपल्याकडे हिंदीच्या संगतीनं 'डाला'. मागची झडप 'फाळका'. कमानीचं एकेक पान म्हणजे 'पाटा'. जादा चाक 'स्टेपनी', ते तर जगात बाकी ठिकाणी फारसं कुणी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी एकाच गॅरेजमध्ये बोलली जाते, आणि गाडीच्या एकाच भागाला तिथे तीन नावं ऐकू येतील. हे शब्द कुठल्या कोशात आहेत? गाड्या गेल्या की दहा वर्षांत शब्दही जातील.

छोट्या लाइनचं उदाहरण आपल्यासमोरच आहे. २०१५ मध्ये जबलपूरकडची छोटी गाडी बंद झाली तेव्हा लोकांनी शेवटच्या गाडीचे फोटो काढले, गर्दी केली, डोळे पुसले. त्या रेल्वेची आठवण राहणार, कारण नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय उभं आहे. तिथे इंजिन आहे, डबे आहेत, कंदील आहेत. शाळेची सहल जाते, पोरं इंजिनावर चढतात. त्याच स्टेशनांवर माल आणून टाकणाऱ्या ट्रकासाठी असं काही नाही. रेल्वे सरकारची होती म्हणून तिचा इतिहास सरकारनं ठेवला. ट्रक एकेकट्या माणसाचा होता. मालक मेला, भावांत वाटणी झाली, गाडी भंगारवाल्याकडे गेली. अशा इतिहासाला कुणी वाली नसतो, तो ज्यांनी पाहिला त्यांनीच जपावा लागतो.

आपण काय करू शकतो?

मोठ्या घोषणा करण्यात अर्थ नाही. विद्यार्थी म्हणून आपल्या हातात आहे तेवढंच सांगतो.

एक, शोधा. सुट्टीत गावी गेलात की जुनी राइस मिल, लाकडाचा डेपो, बंद पेट्रोल पंप, कुणाच्या वाड्यामागची बाभळीची झाडी बघा. गाडी दिसली तर मालकाला विचारून फोटो काढा. नुसता पुढून नको. चॅसी नंबरची पट्टी, इंजिन नंबर, डॅशबोर्ड, केबिनचं लाकूडकाम, फाळक्यावरची अक्षरं. नंबराच्या पट्टीवरून पुढे बरंच शोधता येतं.

दोन, ऐका. घरात, शेजारी, मोहल्ल्यात कुणी जुने ड्रायव्हर असतील. त्यांना 'तुमच्या काळी कसं होतं' असं मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर मिळतं. विचारा, 'काका, गाडी कुठली होती? पेट्रोलची की डिझेलची? घाटात कुठे थांबायचात? एका खेपेला काय मिळायचं? रात्री गाडी बंद पडली तर काय करायचात?' मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांच्याच शब्दांत उतरवून काढा, दुरुस्त करू नका. असे दहा जण बोलले तरी आपल्या ई-अंकाचा एक विशेषांक होतो, आणि तो आपल्याशिवाय दुसरं कुणी काढणार नाही.

तीन, शब्द गोळा करा. एक वही ठेवा. भागाचं नाव, कोण काय म्हणतं, कुठल्या भाषेत. मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

चार, मागा. नियमांत बदल करण्याची मागणी कुणीही नागरिक लेखी करू शकतो. ५० वर्षांहून जुन्या मालवाहू गाड्यांनाही विंटेज म्हणून मान्यता द्या, आणि त्या काळात स्थानिक कारागिरांनी बांधलेली बॉडी किंवा बसवलेलं डिझेल इंजिन हा दोष न मानता इतिहासाचा भाग माना, एवढीच मागणी. शिवाय सरकारी लिलावाआधी जुन्या गाड्यांची यादी एकदा जाहीर व्हावी आणि त्यातली एखादी जिल्ह्यासाठी राखून ठेवावी.

कुणी हसेलही. 'कॉलेजची पोरं भंगार गोळा करायला निघाली' म्हणतील. म्हणू द्या. हरियाणात तावडूला एका खासगी संग्राहकाच्या हौसेतून वाहतुकीचं अख्खं संग्रहालय उभं राहिलं आहे, तिथे नुसत्या राजेशाही मोटारी नाहीत, बैलगाडीपासून सगळं आहे. त्याची सुरुवातही कुणीतरी जुनं सामान घरी आणण्यापासूनच झाली असणार.

माझी इच्छा साधी आहे. बालाघाटात, बसस्टँडजवळ किंवा खाणीच्या फाटकापाशी, पत्र्याच्या छताखाली एक जुना ट्रक उभा असावा. रंग उडालेला चालेल. शेजारी पाटीवर लिहिलेलं असावं की या गाडीनं कुठून कुठे काय नेलं, ती कुणी बांधली, कुणी चालवली आणि तिच्यात माल कुणी भरला. भरणाऱ्या बायांचा उल्लेख त्या पाटीवर असायलाच हवा. ती गाडी बघून एखाद्या पोरीनं घरी जाऊन आजीला विचारावं, 'तू पण भरायचीस का गं?' आजीनं काय सांगितलं, ते मात्र लिहून ठेवायला विसरू नका.